बातमी कोठून आली, हे वाचकाला सांगावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाला एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एखादी बातमी जेव्हा मुख्यतः जनसंपर्क अधिकाऱ्याने किंवा जनसंपर्क संस्थेने पुरवलेल्या मजकुरावर उभी असते, तेव्हा तसा स्पष्ट उल्लेख त्याच बातमीत, साध्या शब्दांत छापला जावा, एवढीच ती विनंती आहे. मागणी लहान दिसत असली तरी तिच्यामागची कारणे थोड्या विस्ताराने मांडावी लागतील, कारण पत्रकार आणि जनसंपर्क व्यावसायिक यांचे रोजचे नाते बाहेरून जसे दिसते तसे ते आत नसते. मी आधी एका वृत्तपत्रात उपसंपादक होतो आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत एका संस्थेचा जनसंपर्क अधिकारी होतो. दोन्ही कामांविषयी माझ्या मनात आदर आहे आणि त्या आदरातूनच हे लिहीत आहे.

पत्रकाराने जनसंपर्कवाल्यांना चार हात दूर ठेवावे, त्यांची प्रसिद्धिपत्रके न वाचताच बाजूला सारावीत, असे मानणारे काही ज्येष्ठ पत्रकार मी पाहिले आहेत. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. मात्र ही भूमिका व्यवहारात टिकत नाही आणि वाचकाच्या हिताचीही नाही. धरणाचे दरवाजे केव्हा उघडणार, कोणत्या औषधाचा कोणता साठा बाजारातून परत मागवला आहे, परीक्षेची तारीख का बदलली, ही माहिती वेळेत आणि अचूक सांगणारा माणूस संस्थेत असणे ही वाचकाचीच सोय असते. संध्याकाळी पाने लावण्याची घाई चालू असताना एखादा बातमीदार तांत्रिक आकड्याबद्दल शंका विचारतो, आणि जनसंपर्क अधिकारी संबंधित अभियंत्याला किंवा डॉक्टरांना बैठकीतून उठवून फोनवर आणून देतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी छापल्या जाणाऱ्या अचूक बातमीत दोघांचेही श्रम असतात. त्या श्रमांत लपवण्यासारखे काहीच नाही.

जनसंपर्क अधिकाऱ्याच्या कामाचा सर्वांत अवघड भाग तर पत्रकारांना कधी दिसतच नाही. पत्रकाराचे मन वळवणे हे त्याचे मुख्य काम आहे असा समज आहे. प्रत्यक्षात त्याची जास्त शक्ती स्वतःच्याच वरिष्ठांचे मन वळवण्यात जाते. संस्थेत अपघात झाला, आर्थिक गैरव्यवहार उघडकीस आला किंवा एखाद्या रुग्णाच्या नातेवाइकांनी तक्रार केली की वरिष्ठांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : काही बोलू नका, आपोआप निवळेल. कायदेशीर सल्लागारही बहुधा तेच सांगतात. अशा वेळी बंद खोलीत बसून, ‘प्रश्न रास्त आहे, उत्तर द्यावे लागेल, आणि आज दिलेले अर्धे उत्तर उद्या आपल्याच अंगावर येईल,’ हे पगार देणाऱ्या माणसांना सांगणारा एकच जण असतो. तो ते सांगू शकतो कारण बाहेर एक चिवट बातमीदार उत्तराची वाट पाहत उभा आहे हे त्याला दाखवता येते. चिवट पत्रकार हा प्रामाणिक जनसंपर्क अधिकाऱ्याचा सर्वांत मोठा आधार असतो, असे मी अनुभवाने म्हणतो. जेथे बातमीदार प्रश्न विचारणे सोडून देतात तेथे संस्थेच्या आतला खरे बोलण्याचा आग्रहही हळूहळू संपतो.

हे नाते असे परस्परांच्या गरजेवर चालते, आणि म्हणूनच ते फार सहज घसरते. ज्याच्याकडून रोज माहिती मिळते त्याला दुखावणे पत्रकाराला जड जाते. ज्याने परवा मोठी बातमी ‘लावली’ त्याच्या आजच्या चुकीच्या मथळ्याबद्दल तक्रार करणे जनसंपर्क अधिकाऱ्याला जड जाते. दोघे एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या अडचणी समजून घेतात, आणि त्या समजुतीत काही तडजोडी ठरून जातात : ही बातमी दोन दिवस थांबवा, हे नाव गाळा, हा प्रश्न मुलाखतीत घेऊ नका, त्या बदल्यात पुढची माहिती आधी तुम्हाला देतो. यांतल्या काही तडजोडी समर्थनीय असतात आणि काही नसतात. पण ज्याच्यासाठी ती बातमी लिहिली जाते तो वाचक या बोलण्यात कोठेच नसतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. माझा सारा आक्षेप या एका जागेवर आहे.

या व्यवसायाच्या आरंभाकडे पाहिले तर ही उणीव तेव्हाच ओळखली गेली होती असे दिसते. आयव्ही ली हे आधी वृत्तपत्रात बातमीदार असलेले अमेरिकी गृहस्थ आधुनिक जनसंपर्काच्या प्रवर्तकांपैकी एक मानले जातात. 1906 मध्ये कोळसा खाणमालकांसाठी काम करताना त्यांनी वृत्तपत्रांना आपली तत्त्वे लिहून पाठवली. आमचे काम उघडपणे चालते. आमचा मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असे वाटले तर तो वापरू नका. मजकुरातील कोणतेही विधान तपासून पाहायला आम्ही साहाय्य करू. आणि हा मजकूर कोणाच्या वतीने पाठवला आहे याची पूर्ण माहिती विचारणाऱ्या संपादकाला दिली जाईल, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा लीने रेल्वे कंपनीला माहिती दडपू दिली नाही. त्याने वृत्तपत्रांना निवेदन पाठवले आणि बातमीदारांना अपघातस्थळी नेले. पहिले प्रसिद्धिपत्रक म्हणून त्या निवेदनाचा उल्लेख केला जातो.

त्याच लीचे पुढे काय झाले हेही विसरता कामा नये. 1914 मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, त्यात स्त्रिया आणि मुलेही मरण पावली. त्यानंतर त्या खाणकंपनीत मोठी मालकी असलेल्या रॉकफेलर यांच्या वतीने लीने जी पत्रके काढली त्यांत कामगार नेत्यांच्या मानधनाचे आकडे अनेक पटींनी फुगवलेले होते. पुढच्या वर्षी औद्योगिक संबंध आयोगासमोर साक्ष देताना, ही माहिती खरी आहे की नाही हे आपण स्वतः तपासले नव्हते, कंपनीकडून आली तशी ती पुढे दिली, हे त्याने मान्य केले. तत्त्वे लिहून काढणारा माणूस आठ वर्षांत तेथे पोहोचला. म्हणून जनसंपर्क व्यावसायिकांच्या आचारसंहितांवर सर्व भार टाकणे मला पुरेसे वाटत नाही. आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने 1965 मध्ये अथेन्समध्ये स्वीकारलेल्या संहितेत सत्याला अन्य कोणत्याही गरजेपुढे दुय्यम ठरवू नये असे स्पष्ट लिहिले आहे, आणि भारतातील जनसंपर्क व्यावसायिकांच्या संघटनेनेही 1968 मध्ये ती संहिता स्वीकारली. संहिता उत्तम आहे. पण ती पाळली जाते की नाही हे पाहणारा डोळा बाहेरचा हवा, आणि तो डोळा वृत्तपत्राचा आहे.

लीच्या 1906 च्या पत्रात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मजकूर कोणाच्या वतीने आला हे संपादकाला विचारल्यावर सांगितले जाईल, असे तो म्हणतो. संपादकाला ते कळत होते. वाचकाला कळण्याची व्यवस्था तेव्हाही कोणी केली नव्हती आणि आजही ती फारशी झालेली नाही.

या उणिवेची किंमत किती मोठी असू शकते हे दाखवणारी दोन उदाहरणे सर्वज्ञात आहेत, पण ती येथे टाळता येत नाहीत. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे संशोधन पुढे येऊ लागल्यावर डिसेंबर 1953 मध्ये अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कमध्ये एकत्र आले आणि त्यांनी हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेला काम दिले. 4 जानेवारी 1954 रोजी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत कंपन्यांचे निवेदन जाहिरात म्हणून प्रसिद्ध झाले आणि एक संशोधन समिती स्थापन केल्याचे त्यात जाहीर करण्यात आले. जाहिरात उघड होती, तिच्याखाली कंपन्यांची नावे होती, त्यामुळे तिच्यात फसवणुकीचा दोष काढण्याचे कारण नाही असे कोणी म्हणेल. खरे नुकसान त्यानंतर, जाहिरातीबाहेरच्या स्तंभांत झाले. ज्या संशोधन समितीचा कारभार सुरुवातीला जनसंपर्क संस्थेचीच माणसे पाहत होती, तिच्या वतीने पत्रकारांना वर्षानुवर्षे सांगितले गेले की शास्त्रज्ञांमध्ये या विषयावर मतभेद आहेत, तेव्हा दोन्ही बाजू छापा. दोन्ही बाजू छापणे हा पत्रकारितेचा चांगला नियम आहे, आणि त्या नियमाचाच वापर करून शंका जिवंत ठेवली गेली.

दुसरे उदाहरण 10 ऑक्टोबर 1990 चे. इराकने कुवेत व्यापल्यानंतर अमेरिकी लोकप्रतिनिधींच्या मानवाधिकार गटापुढे नयिरा या नावाने आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीने सांगितले की इराकी सैनिकांनी रुग्णालयातील अर्भकांना उबदार पेट्यांतून बाहेर काढून जमिनीवर मरायला सोडले. ही साक्ष जगभर दाखवली गेली, छापली गेली आणि युद्धाच्या बाजूने पुन्हा पुन्हा उद्धृत झाली. ती मुलगी अमेरिकेतील कुवेती राजदूताची कन्या होती आणि तिच्या साक्षीच्या तयारीत पुन्हा हिल अँड नोल्टन हीच संस्था होती. जिच्या वतीने ही मोहीम चालली त्या नागरिक संघटनेचा जवळजवळ सर्व पैसा कुवेत सरकारकडून आलेला होता, आणि मुलीची ओळख सर्वांसमोर आली ती जानेवारी 1992 मध्ये, युद्ध संपून गेल्यावर. साक्षीतील वर्णनाला नंतरच्या चौकशीत आधार सापडला नाही. व्याप्त कुवेतमध्ये अत्याचार झाले होते, हे निर्विवाद आहे. पण हा विशिष्ट प्रसंग कोणी पुढे आणला आणि त्याचा खर्च कोणी केला, हे पहिल्या दिवशीच्या बातमीत एका वाक्यात आले असते तर वाचकाने ती बातमी वेगळ्या सावधपणे वाचली असती.

आपण रोज छापतो त्या बातम्या एवढ्या भयंकर नसतात, हे मला ठाऊक आहे. बहुसंख्य प्रसिद्धिपत्रके नव्या अभ्यासक्रमाची, नव्या यंत्राची, एखाद्या सर्वेक्षणाची असतात. तरीही प्रमाण पाहिले की काळजी वाटते. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात राष्ट्रीय दर्जाच्या वृत्तपत्रांतील सुमारे 60 टक्के बातम्या पूर्णतः किंवा मुख्यतः वृत्तसंस्थांच्या किंवा जनसंपर्काच्या तयार मजकुरावर आधारलेल्या आढळल्या. असा तयार मजकूर जिच्यात कोठेच सापडला नाही अशा बातम्यांचे प्रमाण 12 टक्क्यांच्या आसपास होते. अमेरिकेत 2004 मध्ये प्रत्येक पत्रकारामागे तीनहून थोडे अधिक जनसंपर्क व्यावसायिक होते, 2013 पर्यंत ते प्रमाण साडेचारच्या पुढे गेले, असे सरकारी रोजगार आकडेवारीवरून प्यू संशोधन केंद्राने दाखवले. पत्रकारांचे सरासरी वेतन जनसंपर्क व्यावसायिकांच्या वेतनाच्या सुमारे दोन तृतीयांशावर आले होते, हेही त्याच विश्लेषणात आहे. जेथे एका बातमीदाराकडे चार बीट, म्हणजे बातमीची चार क्षेत्रे, आणि दिवसाला पाच बातम्यांची अपेक्षा असते, तेथे नीट लिहिलेले, छायाचित्रासह आलेले, उद्धृते तयार असलेले पत्रक नाकारण्यासाठी लागणारा वेळच त्याच्याकडे उरत नाही. यात त्याचा आळस पाहणे मला अन्यायाचे वाटते. वेळ हिरावला गेला आहे, आणि तो हिरावण्याचे निर्णय संपादकीय विभागाबाहेर झाले आहेत.

मला ज्या संशोधनाने सर्वांत जास्त विचारात पाडले ते 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. वीस आघाडीच्या ब्रिटिश विद्यापीठांनी 2011 मध्ये आरोग्यविषयक संशोधनावर काढलेली 462 प्रसिद्धिपत्रके, त्यांच्या मागचे मूळ शोधनिबंध आणि त्यांवरून छापलेल्या बातम्या, असे तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून तुलना केली गेली. 40 टक्के पत्रकांत वाचकाला दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा अधिक थेट, अधिक ठाम झालेला होता. पत्रकात अशी अतिशयोक्ती असेल तेव्हा 58 टक्के बातम्यांत ती उतरली. पत्रक संयमी असेल तेव्हा बातम्यांतील तेच प्रमाण 17 टक्के होते. ज्या अतिरंजनाचे खापर आपण नेहमी पत्रकारांवर फोडतो त्याचा मोठा वाटा विद्यापीठाच्याच कार्यालयात, बहुधा संशोधकाच्या संमतीने, तयार होत होता. हा अभ्यास परस्परसंबंध दाखवतो, कार्यकारण सिद्ध करत नाही, हे त्या संशोधकांनी स्वतःच सांगितले आहे आणि ते लक्षात ठेवले पाहिजे.

त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष माझ्या जुन्या व्यवसायबंधूंनी मन लावून वाचावा असा आहे. फुगवलेल्या पत्रकांना अधिक प्रसिद्धी मिळाल्याचा पुरावा त्यात सापडला नाही. म्हणजे वरिष्ठांना खूष करण्यासाठी घातलेली ‘क्रांतिकारक’, ‘पहिल्यांदाच’ ही विशेषणे बातमी लागण्यासाठी उपयोगी पडत होती असे दिसत नाही, आणि वाचकाचे नुकसान मात्र होत होते. मी स्वतः विशेषणे काढून टाकण्यासाठी जे वाद घातले त्यात हा निष्कर्ष हाताशी असता तर फार उपयोग झाला असता.

पत्रकाराची बाजूही येथे सुटत नाही. 2015 मध्ये जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने चॉकलेटने वजन घटते असा निष्कर्ष काढणारा एक मुद्दाम कच्चा अभ्यास घडवून आणला, शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला आणि त्यावर आकर्षक प्रसिद्धिपत्रक काढले. अनेक देशांतील माध्यमांनी बातमी दिली. अभ्यासात माणसे किती होती, एवढा प्रश्न विचारला असता तर ती बातमी तेथेच थांबली असती, कारण माणसे पंधराच्या आसपासच होती. तपासणी म्हणजे नेहमी मोठी शोधमोहीम असते असे नाही. पुष्कळदा ती एका फोनची असते, आणि तो फोन पत्रकावर छापलेल्या क्रमांकाखेरीज अन्य कोणाला तरी करायचा असतो. आता यंत्राकडून क्षणात शेकडो पत्रके लिहून घेता येतात, त्यात न बोललेल्या तज्ज्ञाचे किंवा अस्तित्वातच नसलेल्या तज्ज्ञाचे विधानही घालता येते. अशा काळात उद्धृत केलेली व्यक्ती खरोखर आहे का आणि ती हेच म्हणते का, हे आवाज ऐकून पडताळणे अनिवार्य झाले आहे.

आता नेमके काय छापावे याबद्दल. प्रत्येक छोट्या सूचनेखाली खुलासा जोडा, असे मी म्हणत नाही. व्याख्यान कधी, पाणी कधी बंद, या निवेदनांना त्याची गरज नाही. पण एखाद्या संस्थेच्या कामगिरीचे, उत्पादनाचे, संशोधनाचे किंवा वादातल्या भूमिकेचे वर्णन करणारी बातमी जर तिच्याच पत्रकावरून केली असेल तर ‘संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकानुसार’ हे शब्द पहिल्या परिच्छेदातच यावेत, आणि अशा बातमीला ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ असे शीर्ष लावू नये. प्रतिनिधी तेथे गेलाच नव्हता. उपसंपादक असताना माझ्या हाताखालून गेलेल्या मजकुरात ही प्रथा इतकी रुळलेली होती की ती कोणाला खटकतही नसे.

उद्धृतांचेही तसेच आहे. पत्रकात अध्यक्षांच्या तोंडी घातलेले वाक्य बहुधा अध्यक्षांनी उच्चारलेले नसते. ते जनसंपर्क विभागात लिहिले जाते, दोन-तीन टेबलांवरून फिरून येते आणि अखेरीस अध्यक्षांची मान्यता मिळते. ती त्यांची अधिकृत भूमिका असते आणि तिचे मूल्य आहेच. परंतु बातमीत ‘ते म्हणाले’ असे छापले की कोणीतरी त्यांना समोरासमोर प्रश्न विचारला होता असा वाचकाचा समज होतो. ‘लेखी निवेदनात म्हटले आहे’ इतका बदल पुरेसा आहे. मुलाखतीची विधाने छापण्यापूर्वी संमतीसाठी दाखवण्याची अट घातली गेली असेल तर ती नाकारावी. अमेरिकेतील न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर 2012 मध्ये आपल्या बातमीदारांना अशी अट मान्य करू नये असे बजावले. तांत्रिक भाग अचूक आहे का एवढे विचारणे वेगळे. बोललेले शब्द नंतर गुळगुळीत करून घेणे वेगळे.

‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’ या शब्दांबद्दल तर मला फार तीव्रतेने वाटते. नाव गुप्त ठेवण्याचे संरक्षण हे नोकरी, स्वातंत्र्य किंवा जीव धोक्यात घालून खरे सांगणाऱ्या माणसासाठी आहे. संस्थेची बाजू मांडण्यासाठी ज्याला पगार मिळतो त्याने त्या संरक्षणाआडून प्रतिस्पर्ध्याबद्दल कुजबुज करावी आणि वृत्तपत्राने त्याला ‘सूत्र’ म्हणून छापावे, हे मला दोन्ही व्यवसायांना न शोभणारे वाटते. ही कुजबुज कशी चालते ते मी जवळून पाहिले आहे. प्रवक्त्याला नाव द्यायचे नसेल तर ती माहिती स्वतंत्रपणे मिळवावी, अन्यथा सोडून द्यावी.

संस्था पत्रकारांना घडवतात त्या दौऱ्यांबद्दल एकच वाक्य पुरे : प्रवास, निवास आणि पाहुणचार यांचा खर्च ज्याने केला त्याचे नाव लेखाच्या शेवटी आले पाहिजे. जाहिरातीच्या बदल्यात आलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ असेच छापावे, वाचकाला कोडे पडेल असे दुसरे कोणतेही नाव शोधू नये.

एक मागणी मात्र जनसंपर्क अधिकाऱ्यांच्या बाजूने करायची आहे, आणि ती तितकीच वाचकाच्याही हिताची आहे. ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ हे वाक्य छापताना प्रश्न केव्हा आणि कसा विचारला होता हेही छापावे. गंभीर आरोपाची बातमी तीन आठवडे तयार होत असते आणि संस्थेला प्रश्न पाठवले जातात पान सुटण्याच्या पाऊण तास आधी, रात्री, तेही ई-मेलने. अशा वेळी उत्तर न येणे म्हणजे उत्तर टाळणे असे वाचकाला वाटते आणि ते खरे नसते. उलट, चार दिवसांपूर्वी लेखी प्रश्न पाठवून, दोनदा स्मरण देऊनही संस्था गप्प राहिली असेल तर ते वाचकाला अवश्य कळावे. ‘सोमवारी लेखी प्रश्न पाठवले, गुरुवारपर्यंत उत्तर आले नाही’ एवढ्या शब्दांत संस्थेचा खरा चेहरा दिसतो, आणि आत बसून उत्तर देण्याचा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या हातीही पुढच्या वेळी काहीतरी असते.

या सर्वांवर दोन आक्षेप येतील याची मला कल्पना आहे. पहिला असा की प्रत्येक बातमीत मूळ सांगत बसलो तर वाचकाचा वृत्तपत्रावरचा विश्वास उडेल. माझे मत याच्या अगदी विरुद्ध आहे. वाचकाला हे आधीच जाणवलेले असते. एकच बातमी तीन दैनिकांत त्याच शब्दांत, त्याच छायाचित्रासह वाचणारा वाचक काय समजायचे ते समजतो. आणि कोणती बातमी तपासलेली आहे आणि कोणती नाही हे सांगितले नाही, तर तो तपासलेल्या बातमीवरचा विश्वासही काढून घेतो. ज्या बातमीदाराने स्वतः फिरून, कागद मिळवून, माणसांशी बोलून बातमी आणली तिच्यावर सर्वांत मोठा अन्याय या सरमिसळीने होतो.

दुसरा आक्षेप जनसंपर्क क्षेत्राकडून येईल : पत्रकावरून घेतले असे छापले तर आमच्या मजकुराचे वजन कमी होईल, मग संस्था आम्हाला काम कशाला देतील? याचे उत्तर मी इतकेच देईन की मजकूर खरा असेल तर तो आपल्या नावाने उभा राहू शकतो. जे वजन केवळ मूळ झाकल्यामुळे मिळते ते वृत्तपत्राचे असते, आणि ते देण्याचा अधिकार वाचकाला अंधारात ठेवून कोणालाही नाही. ज्यांचे पत्रक दहा वेळा तपासले आणि दहाही वेळा खरे निघाले, अशा अधिकाऱ्यांची नावे बातमीदारांच्या पाठ असतात. त्यांचा फोन गर्दीच्या वेळीही उचलला जातो. उल्लेख छापला जाऊ लागला तर त्यांची पत वाढेल, घटणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी की आपल्या दैनिकाने याबाबतचे आपले नियम ठरवून ते याच पानावर प्रसिद्ध करावेत : पत्रकावरून केलेल्या बातमीत कोणते शब्द वापरले जातील, लेखी आणि तोंडी विधाने कशी वेगळी दाखवली जातील, कोणाला अनाम ठेवले जाईल, दौऱ्यांचा खर्च कसा जाहीर होईल आणि प्रतिक्रियेसाठी किमान किती अवधी दिला जाईल. नियम असे आधीच ठरलेले असले की ते मोडणाऱ्या बातमीकडे वाचकाला बोट दाखवता येते, आणि दबाव आणणाऱ्या संस्थेपुढे कनिष्ठ बातमीदारालाही ते पुढे करता येतात. यांपैकी कोणता नियम आपल्याला अव्यवहार्य वाटत असेल तर त्याची कारणेही छापावीत, ती वाचायला मला आणि माझ्यासारख्या अनेक वाचकांना आवडेल.

आपला नम्र,
एक निवृत्त जनसंपर्क अधिकारी